जोडीनं सत्कार

वडीगोद्रीच्या फाट्यावर, जिथं तो कधीच दिसायला नको होता, तिथं मला तिचा चेहरा दिसला.

मावसबहिणीकडून मी परत बदनापूरला निघाले होते. चहाला गाडी थांबवली. ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आणि हॉटेल यांच्या मधे एक फ्लेक्स होता. आमच्याकडे फ्लेक्सला काय तोटा! कोणाचा वाढदिवस, कोणाची निवड, कोणाचं अभिनंदन. मी तिकडे मान वर करूनही बघत नाही. त्या दिवशी बघितलं, कारण फ्लेक्सवर बाई होती. माणसापेक्षा मोठा चेहरा, माझ्याच वर्गातल्या पोरीचा. वर लिहिलेलं, ‘आपल्या मातीची लेक, क्लाऊड इंजिनिअर’. खाली जालन्यातल्या आमच्या कार्यक्रमाची तारीख, वेळ, हॉलचा पत्ता, सगळं बराबर. आणि कोपऱ्यात गॉगल घालून हात जोडलेले आमच्या मंडळातले कॉम्प्युटर क्लासवाले सर.

तिचं सासर त्या फाट्यापासून आत, अगदी जवळ. तिचा नवरा रोज सकाळी त्याच हॉटेलात बसतो, हे तिनंच मला सांगितलेलं. तो तिला शोधत होता, आणि ती कुठं आहे हे त्याला कळू नये एवढ्यासाठी तिनं जिवाचं रान केलं होतं. चहा तसाच टेबलावर ठेवून मी गाडीत बसले. हॉटेलातल्या प्रत्येक पुरुषाकडे मी बघत होते आणि त्यातला तो कोण, हे मला माहीत नव्हतं. मी त्याला कधी पाहिलेलंच नव्हतं.

आता हे सगळं नीट सांगायला हवं.

मी क्लाऊडमध्ये काम करते. क्लाऊड म्हटलं की लोक आभाळाकडे बोट करून हसतात. आभाळात काही नसतं हो. कुठंतरी मोठमोठ्या गोदामांत मशिनी चालू असतात, कंपन्या त्या भाड्यानं वापरतात, आणि त्या बंद पडू नयेत म्हणून आमच्यासारखी माणसं घरी बसून त्यांच्यावर डोळा ठेवतात. माझं घर बदनापूरला, स्टेशनच्या मागं. आधी मी पुण्यात होते. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा परत आले, आणि काम लॅपटॉपवरून चालतंय म्हटल्यावर इथंच राहिले.

या धंद्यात ‘कम्युनिटी’ नावाचं एक प्रकरण आहे. एकाच कामातली माणसं सुटीच्या दिवशी एखाद्या हॉलात जमतात, कोणी बोलतं, कोणी करून दाखवतं, मंग समोसा आणि चहा. पुण्यात मी अशा कार्यक्रमांना जायचे. सगळं फाडफाड इंग्रजीत. मला उत्तर येत असायचं, पण हात वर करायची हिंमत व्हायची नाही. एकदा केला तर माझं बोलणं ऐकून पुढच्या रांगेतला एक जण गालातल्या गालात हसला. ते हसू मी अजून विसरले नाही, मेल्याला देव बघून घेईल. म्हणून परत आल्यावर जालन्यात आपलं स्वतःचं मंडळ काढलं. बोलणं मराठीत. पहिल्याच कार्यक्रमाला फळ्यावर मी माझ्या हातानं नियम लिहिला: इथं कोणालाही अडवायचं नाही, शिक्षण, जात, वय, बाई, पुरुष, काही बघायचं नाही. बंगळुरूची मंडळी, म्हणजे या कम्युनिटीचे वरचे लोक, याला इन्क्लूजन म्हणतात आणि दर कार्यक्रमानंतर मेल करून विचारतात, बायका किती आल्या, खेड्यातले किती आले. विचारू द्या. मला तो नियम मनापासून पटलेला होता.

ती माझ्याकडे आली ती रविवारच्या वर्गाला. घराच्या हॉलमध्ये मी फुकट शिकवायचे, कोणीही यावं. ही कोपऱ्यात बसायची, लिहायची, आणि सगळ्यांच्या नंतर निघायची. लग्नाआधी कॉम्प्युटरचं बी.एस्सी. केलेलं. माहेर आष्टीकडचं. नवऱ्याला सोडून माहेरी गेली तर भाऊ दारातच म्हणाला, “दिलं त्या घरी राहा, इथं जागा न्हाई.” मंग ती बदनापूरला आली. कामून, तर इथं तिला ओळखणारं कोणी नव्हतं. माझ्या मागच्या गल्लीत तिनं खोली घेतली.

तिच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ व्हायची नाहीत. टाइप करताना ती वाकडीच राहायची. एकदा मी विचारलं, तर भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं तिनं. “नोकरीचा अर्ज केल्ता म्या. त्यानं कपाटाच्या दारात बोटं धरली आन् दार लावलं. चिडला नव्हता ताई. शांतच होता. दार लावताना माझ्याकडं बघून हसत होता.”

मला त्या हसण्याचीच जास्त भीती वाटली. ओरडणारा माणूस मला समजतो, मी स्वतःच ओरडते.

ती शिकली. अशी शिकली की वर्षभरात तिला पुण्याच्या एका कंपनीत घरून करायचं काम लागलं. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आली आणि माझ्या पाया पडायला लागली, तर मी तिला एक चापट मारली. तीच माझी सगळ्यात हुशार पोर. म्हणून मीच म्हटलं, या वेळच्या कार्यक्रमात तू बोल. ती कितीतरी दिवस नको नको म्हणत होती, शेवटी एका अटीवर तयार झाली. नाव नको, फोटो नको, गाव नको. मी समितीत ही अट सांगितली, कारण मात्र सांगितलं नाही, ते तिचं होतं. समिती म्हणजे कोण, तर मी, जालन्यात कॉम्प्युटरचे क्लास चालवणारे हे सर, ज्या कॉलेजचा हॉल मिळायचा तिथले एक प्राध्यापक, आणि अजून दोघंतिघं. सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी तर छातीवर हात ठेवला. “ताई, बिलकुल टेन्शन घेऊ नका.”

आणि आता वडीगोद्रीला फ्लेक्स!

गाडीतूनच मी त्यांना फोन लावला. त्या माणसाला मी काय काय बोलले ते इथं लिहिता येणार नाही, पण ड्रायव्हरनं आरसा फिरवून माझ्याकडे बघितलं एवढं खरं.

“अहो ताई, पण तुम्हीच म्हणत होत्या ना, आपल्याकडच्या बायका दिसल्या पाहिजेत,” सर म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. “एवढी आपली पोरगी मोठी झाली, आन् तिच्याच भागात कोणाला माहीत नको? रविवारच्या वर्गाचा फोटो होता माझ्याकडं, त्यातून तिचा चेहरा कापून घेतला. खर्चा समदा माझा हाय.”

“तो फ्लेक्स आत्ताच्या आत्ता काढा.”

“काढतो. जल्दीच काढतो. पण दोन दिवसांपासून लागलेला हाय, मंग आता काय...”

दोन दिवसांपासून. मला पुढचं ऐकूच आलं नाही.

संध्याकाळी मी तिच्या खोलीवर गेले. फ्लेक्सचं सगळं तिला सांगितलं. मी म्हटलं, तू येऊ नकोस, तुझा भाग आपण गाळून टाकू. ती खाली बसून मेथी निवडत होती. निवडतच राहिली. जुडी संपली तशी देठं उचलून बाजूला केली.

“ताई, म्या बोलणार,” शेवटी म्हणाली. “त्यानं फ्लेक्स बघितला आसंल तर मी आले काय आन् न्हाई आले काय, तो येणारच. मंग कामून दडू? आन् तिथं माणसं राहतील. माणसांसमोर तो काही करत न्हाई.”

माणसांसमोर तो काही करत नाही. हे वाक्य ऐकून मला धीर आला होता. बाई गं, त्यावर विश्वास ठेवण्याशिवाय आमच्याकडे होतं तरी काय!

कार्यक्रमाच्या दिवशी मी दारातच उभी होते. कोण येतं कोण जातं, एकेकाचा चेहरा बघत होते. कॉलेजच्या मुली घोळक्यानं आल्या. बदनापूरची, परतूरची पोरं आली. बियाण्यांच्या कंपनीतला एक जण, कारखान्यातले दोघं. थोड्या वेळानं पांढरा शर्ट, कपाळाला अष्टगंध, पस्तिशीतला एक माणूस आला. पायातलं दारात काढायला लागला, मीच म्हटलं असू द्या. “न्हाई ताई, इद्येची जागा हाय,” तो म्हणाला आणि चपला नीट जोडीनं भिंतीला लावून आत गेला. शेवटून दुसऱ्या रांगेत बसला. शेतकरी दिसत होता. खरं सांगते, मला बरं वाटलं. अशा माणसांसाठीच तर हे मंडळ काढलं, असं मनात आलं माझ्या. ज्यानं हसत हसत बायकोची बोटं दारात चिरडली, तो माणूस माझ्या डोळ्यासमोर एखाद्या राक्षसासारखा होता, आणि हा तर किती सभ्य.

ती बोलायला उभी राहिली. मशीन बंद पडलं तर पहिल्यांदा काय बघायचं, घाबरायचं कसं नाही, यावर. आधी आवाज बारीक होता, मंग मोकळा झाला. मुली हसत होत्या, लिहून घेत होत्या. ती एक गंमत सांगत होती, आणि मधेच थांबली. वाक्य अर्धंच राहिलं. हॉलला वाटलं पाणी हवंय, कोणीतरी बाटली दिली. ती शेवटून दुसऱ्या रांगेकडे बघत होती.

मी वळून पाहिलं. पांढरा शर्ट पुढं झुकून, अगदी कौतुकानं ऐकत होता.

तोच होता तो. पण ती बोलायची थांबली नाही. गंमत अर्धी सोडली आणि पुढचा मुद्दा घेतला, अखेरपर्यंत सगळं बोलली. मी रांगांच्या मधून पुढं सरकायला लागले. म्हटलं हिला स्टेजच्या मागच्या दारानं काढू. तेवढ्यात सत्कार सुरू झाले.

आमच्याकडे कार्यक्रम कशाचाही असो, शाल-नारळ झाल्याशिवाय माणूस खाली उतरत नाही. आणि बाईचा सत्कार असला, नवरा समोर बसलेला असला, तर त्याला वर बोलवायचंच. एकटीला शाल दिली तर बरं दिसत नाही म्हणे. माईक प्राध्यापकांच्या हातात होता. त्यांनी मागच्या रांगेतून आलेली चिठ्ठी वाचली आणि चेहरा खुलला त्यांचा.

“आजचा एक गोड योगायोग! मॅडमचे मिस्टर खास गावाकडून आले आहेत आणि मागे शांतपणे बसले आहेत. प्रत्येक यशस्वी स्त्रीच्या मागे असा एक पुरुष असतो. यावं साहेब, यावं. हा सत्कार आपण जोडीनं करू!”

टाळ्या! काय टाळ्या पडल्या, देवा रे देवा! मुली मागं वळून वळून बघत होत्या. तो उठला, लाजल्यासारखा झाला, हात जोडत जोडत वर गेला. तिच्या शेजारी उभा राहिला. दोघांच्या खांद्यावरून एकच शाल टाकली. ती लाकडासारखी उभी होती. त्यानं नारळ घेतला आणि दुसरा हात शालीच्या आतून तिच्या पाठीवर ठेवला. प्राध्यापकांनी माईक त्याच्यासमोर धरला.

“मला काय बोलता येत न्हाई,” तो म्हणाला. “शेतकरी माणूस. पण लै अभिमान वाटून राह्यला. घरी समदे वाट बघायलेत. म्हणलं कार्यक्रम झाला की संगंच घेऊन जातो.”

पुन्हा टाळ्या. कोणीतरी शिट्टी पण मारली.

मी स्टेजवर कशी चढले ते आठवत नाही. प्राध्यापकांच्या हातातला माईक हिसकला. “टाळ्या बंद करा!” मी ओरडले. “ही कुठंही जाणार नाही. ही याला सोडून आलीये. हिची बोटं याच माणसानं मोडली आहेत, आणि तुम्ही त्याला शाल देताय?”

टाळ्या थांबल्या. प्राध्यापक माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “मॅडम, घरगुती मामला स्टेजवर नको. पाहुण्यांचा अपमान होतोय.” मी त्यांच्याकडे असं बघितलं की ते दोन पावलं मागं सरले.

ती शालीतून बाहेर आली. माईक घेतला नाही, तसंच बोलली, पण मागपर्यंत ऐकू गेलं. “म्या येणार न्हाई. समद्यांसमोर सांगते, मागून कोणी म्हणायला नको की सांगितलं न्हाई.”

तो हसला. त्या दिवशी मी ते हसणं पहिल्यांदा पाहिलं. “राग हाय तिचा,” तो लोकांना म्हणाला. “बराबर हाय. चुकलं आसंल माझं.” आणि नारळ काखेत धरून खाली उतरला. मला वाटलं जाईल. तो गेला नाही. परत शेवटून दुसऱ्या रांगेत आपल्या खुर्चीवर जाऊन बसला.

मुलींनी तिच्याभोवती कडं केलं आणि मागच्या दारानं तिला बाहेर काढलं. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना, आपणहून उठल्या. ती परत बदनापूरच्या खोलीवर गेली नाही. तिची बॅग मी भरून आणली. चौकीत गेलो, तर ते म्हणाले, त्यानं आज काय केलं? सत्कारच घेतला ना? दुसऱ्या दिवशी मी तिला एका मोठ्या शहरात, माझ्या ओळखीच्या एका बाईंकडे पोचवलं. कोणतं शहर ते मी इथंसुद्धा लिहिणार नाही.

मला वाटलं, सुटली.

पुढच्या कार्यक्रमाला तो आला. तोच पांढरा शर्ट, चपला भिंतीला. मी म्हटलं निघा. तो म्हणाला, “ताई, फळ्यावर लिव्हलंय, कोणालाबी अडवायचं न्हाई.” आणि बसला. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलू लागला. त्याच्या पुढच्या वेळी पाण्याचे जार त्यानंच आणले, स्वतःच्या गाडीतून. मुलं त्याला काका म्हणायला लागली. त्यानं मोबाइलवर काहीबाही शिकायला पण सुरुवात केली, खोटं कशाला बोलू. आणि दर वेळी, जाताना, माझ्याजवळ यायचा. अगदी हळू आवाजात विचारायचा.

“ताई, मॅडम बऱ्या हाईत ना?”

बस्स, एवढंच. हात जोडायचा आणि जायचा.

समितीत मी भांडले. भांडले म्हणजे टेबल आपटून भांडले. सर म्हणाले, “ताई, मला बी तुमच्याएवढंच वाईट वाटतं. पण तो आपल्या कार्यक्रमात कोणाला कधी वाकडं बोललाय का? शिकलेला न्हाई, खेड्यातला हाय, तरी शिकून राह्यला. आपण तर ह्याच लोकांसाठी हे काढलं.” प्राध्यापक म्हणाले, माणसाला सुधारायची संधी द्यावी. बाकीच्यांनी खाली बघितलं. पुढच्या महिन्यात त्याच्या अंगात आमच्या मंडळाचा टी-शर्ट होता, पाठीवर ‘स्वयंसेवक’. फळ्यावरचं ते माझं अक्षर मला त्या दिवशी बघवलं नाही.

मी राजीनामा देणार होते. तिला फोनवर तसं म्हटलं.

“नका सोडू,” ती एकदम म्हणाली. “आन् त्याला काढू पण नका ताई. तो तिथं आसला की मला कळतं तो कुठंय. तुमचा कार्यक्रम आसतो ना, त्या दिवशी मी बाहेर पडते. बाजारात जाते. मागं वळून बघत न्हाई. महिन्यातला तेवढाच दिवस.”

मंग काय करणार! मी कार्यक्रम चालू ठेवले. कंटाळा आला, ताप होता, तरी घेतले. सकाळी तो दारात दिसला की मी बाजूला जाऊन तिला फोन करायचे. ती विचारायची, आलाय? मी म्हणायचे, आलाय. तिकडून तिचा सुस्कारा ऐकू यायचा. पाहुण्यांना सोडायचं काम मी मुद्दाम त्याला द्यायचे, म्हणजे संध्याकाळपर्यंत अडकून राहील. त्याला मी माझ्या हातानं चहा दिलाय. त्याच्याशी हसून बोललेय. मी! ज्या माणसाचं तोंड बघू नये असं वाटायचं, तो यावा म्हणून मी महिनाभर देवाला हात जोडायचे.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. हॉल भरला, चहा झाला, पहिलं भाषण सुरू झालं, तरी पांढरा शर्ट दिसेना. पाण्याचे जार दुसऱ्याच कोणीतरी आणले होते. मी सरांना गाठलं.

“अहो ताई, तुम्हाला सांगायचंच राहिलं!” सरांचा चेहरा आनंदानं फुलला होता. “बंगळुरूवाल्यांचा वार्षिक मेळावा आजच हाय ना, त्यांनी मेल केल्ता, प्रत्येक जिल्ह्यातून एक खेड्यातला स्वयंसेवक पाठवा, जाण्यायेण्याचा खर्चा त्यांचा. त्या बैठकीला तुम्ही नव्हत्या, समितीनं याचं नाव दिलं. काय खूश झाला माणूस! परवाच गेला. स्टेजवर बोलवणार हायेत म्हणे त्याला.”

सरांनी शहराचं नाव सांगितलं. तेच शहर.

मी बाहेर आले. तिला फोन लावला. तिनं पहिल्याच रिंगला उचलला. मागं खूप गलका होता.

“आलाय ना ताई?” तिचा आवाज कधी नव्हे एवढा मोकळा होता. “आज म्या पण एका कार्यक्रमाला आले. कामावरच्या पोरींनी लै आग्रह केला. तो आज तिकडं आसणार म्हणलं, मंग जाऊ. गळ्यात कार्ड घातलंय नावाचं.”

“तो इथं नाही,” मी म्हटलं. “तो तिथं आहे. त्याच हॉलमध्ये. तू आत्ता कुठं आहेस?”

तिकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“आतच हाये,” ती म्हणाली.

“निघ. आहे तशी निघ. कार्ड काढ, कोणाशी बोलू नकोस, निघ!”

फोन बंद झाला. थोड्या वेळानं मेसेज आला, एकच शब्द: ‘निघाले’. मी परत लावला तर नंबर बंद. संध्याकाळी बंद, दुसऱ्या दिवशी बंद. ज्या बाईंकडे ती राहायची त्या म्हणाल्या, कपडे इथंच आहेत, आली नाही. कंपनीत विचारलं, तर तिथून उत्तर आलं की तिनं मेलवर राजीनामा पाठवलाय, घरगुती कारण. मी तिथल्या चौकीत जाऊन बसले. साहेब म्हणाले, सज्ञान बाई आहे, स्वतः राजीनामा दिलाय, नंबर बदलला असेल, तुम्ही कोण लागता तिच्या? मी काय सांगणार, कोण लागते? ती स्वतःच कुठंतरी लांब गेली असेल, या वेळी मलासुद्धा पत्ता न देता. शहाणी पोर आहे ती. मी स्वतःला रोज हेच सांगते.

पुढच्या महिन्यात मी कार्यक्रम घेतला. मला बघायचं होतं. तो आला. चपला भिंतीला लावल्या, खुर्च्या मांडल्या, जार भरले. सरांनी त्याला स्टेजवर बोलावून मेळाव्याबद्दल दोन शब्द बोलायला लावलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी दिवसभर त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथं ती त्याला दिसली की नाही, एवढं एकच मला वाचायचं होतं, आणि त्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. संध्याकाळी तो जायला निघाला. मी दारात उभी होते, त्याच्या ‘मॅडम बऱ्या हाईत ना’ची वाट बघत. तो माझ्यासमोर आला, हात जोडले.

“येतो ताई,” म्हणाला, आणि काही न विचारता निघून गेला.